पान कुठून आलं ते दिसू दे: मोबाइल ॲपमधल्या पेज ट्रान्झिशनबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: "दादा, चोपडा तालुक्यातल्या केळी उत्पादकांसाठी फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं गुगलचं साधन) ॲप करतोय. बागांची यादी, एका बागेचा तपशील, कापणीची नोंद, काट्याची पावती, रोजचे भाव आणि हिशोब अशी पानं आहेत. आधी सगळं एकाच स्क्रीनवर सेटस्टेटने, म्हणजे तेच पान नव्याने बांधून, बदलत होतो, ते धाडकन बदलायचं, कच्चं वाटायचं. आता पेजराऊटबिल्डर (पान कसं यावं ते आपण लिहायची सोय) लावून सगळीकडे आठशे मिलिसेकंदांची उजवीकडून येणारी स्लाइड दिलीय, खालचे टॅबही तसेच बदलतात. माझ्या फोनवर झकास चालतं, शेतकऱ्यांच्या फोनवर अडखळतं. वर एक काका म्हणाले, 'बठ्ठं बेस शे, पन मांगे कसं जावानं?' (सगळं छान आहे, पण मागे कसं जायचं?) मोठ्या ॲपसारखं गुळगुळीत कसं करू?"

भाऊ, काकांनी विचारलेलं तुझ्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. अडखळण्याचं औषध वेगळं आहे, ते पुढे येईल.

पान बदलताना जी हालचाल होते तिचं काम एकच: आपण कुठून कुठे आलो आणि परत कसं जायचं हे न वाचता कळावं. उजवीकडून आलेलं पान परत उजवीकडे जाईल, खालून वर आलेलं पान खाली मिटेल, हे हाताला आपोआप समजतं. तुझ्याकडे सगळंच उजवीकडून येतं. बागेचा तपशील उजवीकडून, हिशोबाचा टॅबही उजवीकडून. काकांना वाटतं, हिशोब म्हणजे बागेच्या आतलं काहीतरी. ते मागे जायला बघतात, तर बागेचं पान काही येत नाही. म्हणजे तुझी स्लाइड चुकीचा रस्ता दाखवतेय, आणि ती जितकी सुरेख होईल तितकी जास्त फसवेल.

तेव्हा कोड उघडायच्या आधी कागदावर सगळ्या पानांची नावं लिही आणि कोणाचं कोणाशी काय नातं ते ठरव. तुझ्या ॲपात मला चार नाती दिसतात.

पहिलं, आत जाणं. बागांची यादी, त्यातली एक बाग, त्या बागेची एक कापणी. इथे पुढे जाताना उजवीकडून आत आणि मागे येताना उजवीकडे बाहेर, किंवा यादीतलं कार्डच मोठं होऊन पान बनावं. दोन्ही चालतं, पण पूर्ण ॲपमध्ये एकच निवड.

दुसरं, शेजार. भाव, बागा, हिशोब हे खालचे टॅब कुणी कुणाच्या आत नाहीत. इथे आडवं सरकवू नकोस. जुनं पान विरून नवं उमटावं, तेही पटकन. फ्लटर टीमचं 'ॲनिमेशन्स' नावाचं पॅकेज आहे, त्यातलं फेडथ्रूट्रान्झिशन पेजट्रान्झिशनस्विचरमध्ये घालून नेमकं हेच करता येतं. एक सांभाळ: हा स्विचर जुना टॅब काढून टाकतो, म्हणजे भावांच्या यादीत खालपर्यंत गेलेला माणूस परत आला की पुन्हा वर असतो. हे नको असेल तर टॅब इंडेक्स्डस्टॅकमध्ये जिवंत ठेव आणि ॲनिमेशनचा मोह सोड. भाव बघणाऱ्याला यादीतली जागा टिकलेली जास्त आवडते, हे माझं मत. बागांच्या पानावर वर मृगबाग आणि कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम) असे दोन टॅब दिलेस, तर तिथे मात्र आडवं सरकणं योग्यच. ते खरोखर एकमेकांच्या बाजूला असतात, बोटाने ओढता येतात, आणि टॅबबारव्ह्यू ते स्वतःच करतं. तुला काही लिहावं लागत नाही.

तिसरं, मध्येच उपटलेलं काम. कापणीची नोंद हा फॉर्म आहे. भरायचा, जतन करायचा, मिटवायचा. हे पान खालून वर येऊ दे. राऊट, म्हणजे पानाकडे नेणारी वाट, बनवताना फुलस्क्रीनडायलॉग खरं केलंस की ॲपबारमध्ये मागच्या बाणाऐवजी फुली येते, आयफोनवर पान खालून वर येतं. अँड्रॉइडवर खालून वर यायला तुला स्वतःचं ट्रान्झिशन द्यावं लागेल.

चौथं, जागा घेणं. नोंद जतन झाली की काट्याची पावती दिसते. इथून मागे गेल्यावर भरलेला फॉर्म पुन्हा समोर येता कामा नये, नाहीतर कोणीतरी परत 'जतन करा' दाबणार आणि एकाच गाडीचं वजन दोनदा चढणार. म्हणून इथे पुश (जुन्यावर नवं पान चढवणं) नको, पुशरिप्लेसमेंट. पावती फॉर्मच्या जागी बसते, मागे गेलं की थेट बागेचा तपशील. हालचाल साधी विरण्याची ठेव.

आता कोड. माझा सल्ला ऐकून तुला जरा निराशा होईल: आत जाण्यासाठी स्वतःचं काही लिहू नकोस. फ्लटरचा तयार मटेरियलपेजराऊट वापर आणि थीमडेटामध्ये पेजट्रान्झिशन्सथीम एकदाच ठरव. तिथे प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी एक बिल्डर देता येतो. फेडअपवर्ड्स ही अँड्रॉइड ८ ची चाल, ओपनअपवर्ड्स ९ ची, झूम १० ची, आणि कपर्टिनो म्हणजे आयफोनची बाजूने सरकणारी. फ्लटरची आवृत्ती बदलली की डिफॉल्ट बदलू शकतो, म्हणून हवा तो बिल्डर थीममध्ये नावाने लिहून टाक. एका जागी लिहिलं की सगळ्या ॲपची चाल एक राहते, आणि उद्या बदलायची झाली तर एकच ओळ बदलावी लागते. चाळीस फाइलींमध्ये विखुरलेले पेजराऊटबिल्डर हुडकणं हा उन्हाळ्यात करायचा उद्योग नाही.

पेजराऊटबिल्डर ठेव तो फक्त अपवादांसाठी, म्हणजे खालून येणारा फॉर्म आणि विरून येणारी पावती. त्याचे दोन भाग नीट ओळख. पेजबिल्डरमध्ये पान बनतं, आणि ते एकदाच बनवून ठेवलं जातं. ट्रान्झिशन्सबिल्डर मात्र हालचाल चालू असताना प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, पळतो. बरेच जण पानाचा विजेट (स्क्रीनवरचा तुकडा) ट्रान्झिशन्सबिल्डरच्या आत नव्याने बनवतात. मग फ्लटर दर फ्रेमला अख्खं पान पुन्हा बांधत बसतं. तिथे फक्त मिळालेलं चाइल्ड स्लाइडट्रान्झिशन किंवा फेडट्रान्झिशनमध्ये गुंडाळायचं, बस. तिथेच कर्व्ह्डॲनिमेशनही दर वेळी नवं बनवू नकोस. ते बनताना मूळ ॲनिमेशनवर कान लावून बसतं आणि डिस्पोज केल्याशिवाय उठत नाही. त्याऐवजी ऑफसेटचा ट्वीन (सुरुवातीची आणि शेवटची जागा) घे, त्याला चेनने कर्व्हट्वीन जोड आणि ॲनिमेशनच्या ड्राइव्हला दे. कोडही आखूड होतो.

या बिल्डरला दोन ॲनिमेशन मिळतात. पहिलं आपण आत येतानाचं. सेकंडरी नावाचं दुसरं चालतं ते आपल्या पानावर आणखी एखादं पान चढतं तेव्हा. मटेरियलपेजराऊटच्या पानावर तू पेजराऊटबिल्डरचं पान टाकलंस, तर खालचं जुनं पान जागचं हलत नाही, नवं त्याच्यावर चढतं. खालून येणाऱ्या फॉर्मला हे शोभतं. बाजूने येणाऱ्या पानाला शोभत नाही, कारण तिथे जुनं पानही थोडं डावीकडे सरकलं पाहिजे. कपर्टिनो बिल्डर हे स्वतः करतो. थीम वापर म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण.

गो-राऊटर हे पानांचे रस्ते सांभाळणारं पॅकेज वापरत असशील तर तिथे पेजबिल्डरमध्ये कस्टमट्रान्झिशनपेज द्यायचं, टॅबसाठी नोट्रान्झिशनपेज. बाकी सगळं तसंच.

यादीतला बागेचा फोटो वाढत जाऊन तपशिलाच्या पानावर बसावा असं तुला वाटणारच, सगळ्यांना वाटतं. त्यासाठी हीरो. दोन्ही पानांवर तोच टॅग द्यायचा आणि फ्लटर फोटो उडवत नेतं. दिसतं छान, आणि 'ही तीच बाग' हे एका नजरेत कळतं, म्हणून मला ते पटतं. पण यात खड्डे बरेच आहेत.

टॅग एका पानावर एकदाच असला पाहिजे. 'फोटो' असा टॅग सगळ्या ओळींना दिलास तर एकाच टॅगचे अनेक हीरो असल्याची चूक येईल. टॅगमध्ये बागेचा आयडी घाल. एकाच पानावर दोन फ्लोटिंगॲक्शनबटन असतील तरी हीच चूक येते, कारण त्या बटनाला न सांगता एक हीरो टॅग असतो. माणूस तासभर फोटोंचे टॅग तपासतो आणि दोषी निघतं कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह. दोघांपैकी एकाला हीरोटॅग नल दे.

हीरोमध्ये अक्षरं उडवलीस तर उडताना ती भडक दिसतात आणि खाली पिवळ्या रेघा येतात. उडताना तो विजेट ओव्हरलेमध्ये, म्हणजे पानांच्या वरच्या थरात, असतो, त्याच्यावर मटेरियल नसतं. पारदर्शक प्रकाराच्या मटेरियलमध्ये मजकूर गुंडाळ, रेघा जातात.

सगळ्यात चीड आणणारा खड्डा म्हणजे उडताना रिकामा चौकोन दिसणं. पुढे जाताना हीरो मुळात पोहोचायच्या पानावरचा विजेट उडवतो. तिथला मोठा फोटो अजून उतरलाच नसेल तर उडणार काय? यादीत कॅशविड्थ (फोटो किती रुंद उलगडायचा तो आकडा) लहान आणि तपशिलात मोठी दिलीस, की फ्लटरच्या दृष्टीने ते दोन वेगळे फोटो होतात. म्हणजे यादीत दिसणारा फोटोही कामाला येत नाही. फ्लाइटशटलबिल्डर देऊन यादीतलाच लहान फोटो उडव, आणि तपशिलात मोठा फोटो येईपर्यंत त्याच्या खाली लहान ठेव. डोळ्याला फरक कळत नाही.

वेळेकडे येऊ. आठशे मिलिसेकंद आजच काढून टाक. मटेरियल ३ या गुगलच्या डिझाइन-नियमांच्या मोजपट्टीत लहान हालचाली ५० ते २००, मध्यम २५० ते ४००, लांब ४५० ते ६००, आणि ७०० च्या पुढच्या अति लांब धरल्या आहेत. फोनवरच्या पूर्ण पानाला मी ३०० च्या आसपास ठेवतो. पेजराऊटबिल्डरचा स्वतःचा डिफॉल्टही ३०० च आहे. मागे येताना २०० ते २५०, कारण माणसाला आपण कुठे जातोय ते आधीच ठाऊक असतं. त्यासाठी रिव्हर्सट्रान्झिशनड्युरेशन वेगळा देता येतो. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादा अजून कामाची आहे: ०.१ सेकंदाच्या आत घडलं तर माणसाला आपणच केल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची ओळ तुटत नाही. तुझी स्लाइड आणि त्यानंतर नेटवरून येणारी माहिती मिळून तो एक सेकंद सहज ओलांडते. कापणीच्या दिवशी शंभर वेळा पान बदललं तर जादाचा अर्धा सेकंद धरून पन्नास सेकंद माणूस नुसता सरकणारी पानं बघतो. ट्रक उभा असताना ते चालायचं नाही.

कर्व्हचं, म्हणजे हालचालीचा वेग कसा बदलावा याचं, सोपं आहे. येणारं पान जोरात येऊन हळू थांबावं, म्हणजे ईझआउट घराण्यातलं काहीतरी, मी ईझआउटक्युबिक घेतो. जाणारं पान हळू निघून वेगात जावं. एकसारख्या वेगाचं लिनिअर हे सरकण्याला निर्जीव दिसतं, नुसत्या विरण्याला चालून जातं. बाउन्स आणि इलॅस्टिक तुझ्या ॲपात नकोत. हिशोबाचं पान उसळी मारत आलेलं मला तरी बरं दिसत नाही.

आता अडखळणं. इथे तुझा संशय चुकीच्या माणसावर आहे. स्लाइड स्वतः अगदी स्वस्त असते. फ्लटर पान आधीच रिपेंटबाउंडरीत ठेवतो, म्हणजे एकदा रंगवलेलं पान नुसतं सरकवायचं असतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. स्लाइडला एवढा वेळ पुरून उरतो. तो खाऊन टाकतं ते नव्या पानाचं पहिलं बांधकाम, कारण ते नेमकं हालचालीच्या पहिल्या फ्रेममध्ये होतं. पान मोठं असेल तर पहिली फ्रेमच १०० मिलिसेकंद घेते. हालचाल घड्याळाप्रमाणे चालते, त्यामुळे दुसरी फ्रेम दिसते तेव्हा ३०० मधला एकतृतीयांश वेळ संपलेला असतो. डोळ्याला वाटतं स्लाइड अडखळली. लोक मग ती लांबवतात, ५०० करतात, ८०० करतात, आणि अडखळ तिथेच राहते, फक्त हळू दिसते. तूही हेच केलंस असा माझा अंदाज आहे.

आधी मोज. डिबग मोडमध्ये दिसणारी अडखळ धरू नकोस, तिथे कोड मुद्दाम तपासण्यांसकट चालतो. प्रोफाइल मोडमध्ये चालव, तेही खऱ्या फोनवर, एम्युलेटरवर प्रोफाइल मोड चालतच नाही. फोन कोणता? तुझा नव्हे. २ किंवा ३ जीबी रॅमचा, काच तडकलेला, व्हॉट्सॲपच्या फोटोंनी भरलेला असा एखादा काकांकडून दिवसभरासाठी माग. परफॉर्मन्स ओव्हरले लावलास की दोन आलेख दिसतील. खालचा यूआय थ्रेडचा, वरचा रास्टरचा. लाल रेघ खालच्यात उठली तर तुझा डार्ट कोड जड आहे, वरच्यात उठली तर रंगवणं जड आहे. एवढं कळलं तरी निम्मं निदान झालं.

खालच्या आलेखात लाल असेल तर सहसा तिघांपैकी कुणीतरी असतं. एक, इनिटस्टेटमध्ये (पान सुरू होतानाच्या कोडमध्ये) मोठा जेसन, म्हणजे सर्व्हरकडून आलेला माहितीचा मजकूर, उलगडणं. वर्षभराच्या नोंदी एकदम उतरवून मुख्य थ्रेडवर डीकोड केल्या तर स्क्रीन थिजणारच. ते काम कॉम्प्यूटने वेगळ्या आयसोलेटमध्ये, म्हणजे मुख्य थ्रेडच्या बाहेर, टाक. दोन, कॉलममध्ये शे-दोनशे ओळी एकदम बांधणं. लिस्टव्ह्यूचा बिल्डर वापर, म्हणजे दिसतात तेवढ्याच बनतात. तीन, हालचाल चालू असतानाच नेटवरून उत्तर येऊन सेटस्टेट होणं आणि अख्खं पान मध्येच पुन्हा बांधलं जाणं. यावर माझा उपाय असा: विनंती पान उघडताक्षणी पाठव, नेटची वाट पाहण्याने स्क्रीन अडत नाही. पण उत्तर लगेच पानावर ओतू नकोस. डिडचेंजडिपेंडन्सीजमध्ये मोडलराऊटकडून त्याचं ॲनिमेशन घे, त्याची स्थिती कम्प्लीटेड झाली की मग ओळी भर. तोवर पानाचा हलका सांगाडा, म्हणजे ॲपबार, बागेचं नाव आणि करड्या पट्ट्या, एवढंच. तीनशे मिलिसेकंदांत कोणाचं काही बिघडत नाही, आणि स्लाइड लोण्यासारखी जाते.

याच्या उलट मी अनेकांच्या कोडमध्ये बघतो: टॅप झाला की आधी अवेट करून माहिती आणायची, मग पुश. मधल्या वेळात स्क्रीनवर काहीच घडत नाही. केळीच्या चिकाने माखलेल्या बोटाचा टॅप लागला की नाही याची खात्री माणसाला आधीच नसते. तो पुन्हा दाबतो, आणि एकावर एक दोन पानं चढतात. मग मागे गेलं तरी तेच पान. काकांच्या प्रश्नाचं थोडं मूळ इथेही असू शकतं, तपासून बघ. टॅप झाला की ताबडतोब पुश, माहिती नव्या पानाने आणावी.

वरचा आलेख लाल असेल तर पहिला आरोपी फोटो. १२ मेगापिक्सेलचा फोटो, ४००० बाय ३०००, फाइल म्हणून ३-४ एमबीचा दिसतो. पण स्क्रीनसाठी उलगडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ४८ एमबी. फ्लटरचा चित्रांचा कॅश डिफॉल्टने १०० एमबीचा. असे दोन फोटो बसतात, तिसरा आला की पहिला बाहेर. घडांच्या फोटोंची यादी अशीच गटांगळ्या खाते. कॅशविड्थ दे, दिसण्याच्या रुंदीइतकीच, आणि सर्व्हरवरूनच लहान प्रत मागवता आली तर उत्तम, डेटाही वाचतो. दुसरा आरोपी ओपॅसिटी विजेटमधला पारदर्शकतेचा आकडा दर फ्रेमला बदलत नेणं, त्याऐवजी फेडट्रान्झिशन वापर. आणि बॅकड्रॉपफिल्टरचा धुरकट पडदा: स्वस्त फोनवर तो हालचाल चालू असताना वापरूच नकोस.

ॲप पहिल्यांदा उघडल्यावर प्रत्येक हालचाल एकदा अडखळते आणि नंतर नीट चालते असं दिसलं, तर ते शेडर (स्क्रीन रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होण्याचं दुखणं. इंपेलर या नव्या इंजिनाने ते जवळपास संपवलं. आयफोनवर ते फ्लटर ३.१० पासून, अँड्रॉइड १० आणि पुढे ३.२७ पासून आपोआप चालू आहे. व्हल्कन (ग्राफिक्सची नवी सोय) नसलेले किंवा त्याहून जुन्या अँड्रॉइडचे फोन मात्र जुन्या मार्गाकडे वळतात, आणि असे फोन तुझ्याकडे असणारच. शेडर कमी लागतील अशा साध्या हालचाली ठेवण्याचं हेही एक कारण.

आपल्याकडची एक गोष्ट पुण्या-बंगळुरूच्या लेखांमध्ये सापडत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. खिशातला फोन तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, स्क्रीनचा उजेडही कमी करतो. एसीत गुळगुळीत चाललेलं ॲप बांधावर त्याच फोनवर फ्रेमा गाळतं. म्हणून मोजणी दुपारी बाहेर, निंबाच्या सावलीत का होईना, कर. आणि उन्हात नुसतं विरणं दिसतच नाही. झगमगाटात फिका होत जाणारा रंग कुणाला कळणार? शेतात वापरायच्या पानांना सरकण्याची साथ दे, किमान थोडी. टॅबच्या विरण्यालाही खाली निवडलेल्या चिन्हाचा ठळक रंग हवा, म्हणजे विरणं नाही दिसलं तरी आपण कुठे आहोत ते दिसेल.

मागे जाण्याचं बटन आता बऱ्याच फोनवर उरलंच नाही, कडेवरून बोट ओढायचं असतं. अँड्रॉइड १३ पासून गुगल 'प्रेडिक्टिव्ह बॅक' आणतंय: बोट ओढता ओढता मागचं पान डोकावतं आणि सोडायच्या आधीच कळतं की आपण कुठे जाणार. अँड्रॉइड १६ ला टार्गेट केलेल्या ॲपमध्ये हे आपोआप चालू होतं. आधीच्यांना मॅनिफेस्टमध्ये (अँड्रॉइडला ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) इनेबलऑनबॅकइन्व्होक्डकॉलबॅक खरं करावं लागतं. फ्लटरमध्ये थीममध्ये प्रेडिक्टिव्हबॅक नावाचा बिल्डर अँड्रॉइडसाठी द्यायचा. 'मांगे कसं जावानं' याला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही. पण त्यासाठी मागे जाणं अडवणारा जुना विलपॉपस्कोप काढावा लागेल, त्याच्या जागी पॉपस्कोप आला आहे. आयफोनवर कडेवरून ओढून मागे जाणं कपर्टिनोच्या चालीत असतं. पेजराऊटबिल्डरने बनवलेल्या पानावर ते मिळत नाही, आणि आयफोनवाला माणूस पहिल्याच दिवशी तक्रार करतो.

अर्धवट भरलेल्या कापणीच्या फॉर्मवरून कोणी मागे जात असेल तर पॉपस्कोपने अडवून विचार. इतरत्र कुठेही अडवू नकोस.

काही माणसांना सरकणाऱ्या पडद्याने खरंच गरगरतं, मळमळतं. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये ॲनिमेशन काढून टाकण्याची सोय आहे. ती चालू असेल तर फ्लटर पानांच्या हालचालींचा वेळ विसाव्या भागावर आणतो, म्हणजे ३०० चे १५ मिलिसेकंद. तू स्वतः बनवलेल्या बाकीच्या करामतींसाठी मात्र मीडियाक्वेरीतलं डिसेबलॲनिमेशन्स वाचून सरळ शेवटची स्थिती दाखव. आयफोनचं 'रिड्यूस मोशन' हे वेगळ्या ध्वजात येतं, ॲक्सेसिबिलिटीफीचर्समधल्या रिड्यूसमोशनमध्ये. तेही बघावं लागतं, नाहीतर अर्धी माणसं सुटतात. अशा वेळी पान नुसतं बदललं तरी चालतं, विरलं तर उत्तम.

उद्या कुणाचं काम नेटिव्ह कोटलिनमध्ये आलं तर एवढं ध्यानात ठेव: जेटपॅक कंपोजच्या (अँड्रॉइडचं स्वतःचं स्क्रीन बनवायचं साधन) नेव्हिगेशनमध्ये काहीच दिलं नाही तर ७०० मिलिसेकंदांचं विरणं मिळतं, जे माझ्या मते फार लांब आहे. एंटर, एक्झिट, पॉपएंटर, पॉपएक्झिट अशी चारही ट्रान्झिशन नॅव्हहोस्टवर एकदाच देऊन टाक. फक्त पहिली दोन दिलीस तर मागे येताना तीच वापरली जातात आणि दिशा उलटी होत नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये नेटिव्ह स्टॅकला ॲनिमेशन नावाचा एक पर्याय आहे, बहुतेक कामांना तेवढा पुरतो.

हे सगळं बसवल्यावर तपासायला एक युक्ती. शेड्युलर लायब्ररीतलं टाइमडायलेशन ५ कर, सगळ्या हालचाली पाचपट हळू होतात. मग यादीतून आत जा, मागे ये, फॉर्म उघडून मिटव, अर्ध्या वाटेत मागे ओढ. हीरोचा फोटो गोल कोपऱ्यातून चौकोनी होताना कुठे झटका देतो, ॲपबारचं शीर्षक कुठे दोनदा दिसतं, मागे येताना पान आलं त्याच बाजूला जातं का, हे या वेगात लपत नाही. ती ओळ केडिबगमोडच्या अटीत ठेव, म्हणजे प्ले स्टोअरवर चुकून जाणार नाही.